घरच्या माणसाला पटेपर्यंत

"सिस्टर बोलतेय. तुम्ही त्यांचे मिस्टर ना?"

"हो. उद्याच सोडणार आहेत ना तिला?"

सिस्टर म्हणाली, "एकटे येऊ नका. कुणाला तरी बरोबर घेऊन या."

त्याने समोरची फाइल बंद केली, खुर्ची आत सरकवली आणि उभा राहिला. त्या फाइलीत सकाळपासून त्याने एक अक्षर लिहिले नव्हते. आदल्या संध्याकाळी खाटेवरून तिने बजावले होते, "मी घरी येईपर्यंत माझं दोनशे पंचावन्नचं तेवढं करून टाक."

"करतो गं," तो म्हणाला होता. हे 'करतो गं' बावीस वर्षे चालले होते.

ऑफिसात दोघे एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसत. लिफ्टचे दार उघडमीट करणाऱ्या छोट्या चिपसाठी ती प्रोग्राम लिही, आणि तो चिपच्या भाषेत उतरवणारा कंपायलर त्याच्याकडे. म्हणजे हा दुभाष्या. कधी ती मधेच थेट चिपच्या भाषेत, असेंब्लीत, एखादी ओळ लिही. अशा ओळीला दुभाष्याने हात लावायचा नाही; ओळीत मोकळ्या सोडलेल्या जागी तिने दिलेला आकडा तेवढा छापायचा.

तिने दिला दोनशे पंचावन्न. याने छापला उणे एक.

"अहो," ती म्हणाली. ऑफिसात ती त्याला अरेतुरे करी. 'अहो' आले की समजावे, पारा चढलाय. "मी उणे एक कधी म्हटलं?"

"अगं, आठ बिटांत दोन्ही सारखेच दिसतात. आठच्या आठ दिवे लागलेले. चिन्ह धरलं तर उणे एक, नाही धरलं तर दोनशे पंचावन्न. बिट तेच आहेत."

"मी बिनचिन्हाचा म्हणून सांगितलाय ना? मग चिन्ह लावणारा तू कोण? आणि हा आकडा जातोय सोळा बिटांच्या खणात. तिथं तुझं उणे एक सोळाच्या सोळा दिवे लावतं. आकडा सेकंदाच्या दहाव्या भागांत आहे; माझं दार पंचवीस सेकंदांऐवजी पावणेदोन तास उघडं राहील!"

"मग तू रुंद प्रकार घे की, सोळा बिटांचा. तो बरोबर छापला जातो."

"म्हणजे चुकायचं तुझ्या दुभाष्यानं आणि बोलणं बदलायचं मी. सासरी आल्यासारखंच झालं की हे!"

सगळी खोली हसली. तोही हसला, पण हेका सोडला नाही.

पुढे घरातही ते वाक्य रुळले. त्याने मिठाच्या बरणीत साखर भरली की ती म्हणे, "असू दे, बिट तेच आहेत." मुलीने तर गणितात नापास झाल्यावर तेच म्हणून पाहिले आणि दोघांचाही ओरडा खाल्ला.

ती गेल्यावर चार महिन्यांनी तिच्या जागी आलेल्या बाई त्याच्याकडे आल्या. "सर, दार लागत नाहीये."

चाचणीच्या खोलीत लिफ्ट नव्हती. नुसत्या चौकटीत बसवलेले दार होते. ते सताड उघडे होते.

"मॅडमनी सगळीकडे सोळा बिट घेतलेत," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, चुकून. मी माझ्या ओळीत आठ घेतले. आणि शेजारी हे काय लिहिलंय, कळेना."

त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. 'इथे आकडा रुंद घेतला आहे. घरच्या माणसाला पटेपर्यंत.'

त्याने तिच्या फाइली कधी उघडल्याच नव्हत्या.

"किती ठिकाणी आहे असं?"

"एक्केचाळीस. बंद करू का दार, सर?"

"राहू दे. लागेल ते."

तो खुर्ची घेऊन दारासमोर बसला. बाई जेवून आल्या, तरी तो तिथेच होता. एक तास एकोणपन्नास मिनिटांनी दार आपले आपण लागले. तिने तोंडी सांगितले होते, त्यापेक्षा चार मिनिटे जास्त.

मग जागेवर जाऊन त्याने काम केले. दोन ओळींचे होते. बिनचिन्हाच्या प्रकारातला आकडा बिनचिन्हाचाच छापायचा, बस. जुन्या चाचण्यांतली एकही बिघडली नाही. 'बदलाचे कारण' या रकान्यात त्याने लिहिले, 'तिचे बरोबर होते.'

मागे उभ्या बाई हळूच म्हणाल्या, "बाहेरच्यांना कळणार नाही, सर."

"मग खाली तुम्ही लिहा, कळेल असं. वरचं पुसू नका."

"बरं. आणि मॅडमच्या त्या ओळी? आता गरज नाही त्यांची. काढून टाकू?"

"मी काढतो."

त्याला सहा आठवडे झाले. दार आता पंचवीस सेकंदांत लागते. एक्केचाळीस ओळी काढायच्या राहिल्या आहेत.