एरर आला तं सोड

डिंपलनं कंस टाकला, एंटर दाबला. स्क्रीनवर परत लाल ओळ.

"आता काय झालं?" उमेंद्र भाऊ खेकसला. पाणी संस्थेचा अध्यक्ष तो. बाहेर लोकं बोंबलून राहिले होते, धान सुकून राहिला म्हणून.

"कालच्या अपडेटनं कॉम्प्युटरातला पायथन नवा झाला ना. स्क्रिप्ट जुन्याची आहे, नव्याले ओळीओळीत कंस पायजे. चालून नाही राहिली."

"बारावीत दोनदा नापास झाली तं असंच होते."

"मंग तुमीच बसा ना इथं!" तिनं माऊस ढकलला.

कोणी बसलं नाही. तिनंच माऊस परत ओढला.

तलावाचं तुडूम उघडून पाणी सोडायच्या आधी, खालच्या नहराकाठच्या यादीतल्या सगळ्या फोनवर मेसेज जायचा. ही स्क्रिप्ट तेवढंच करायची. आधी कोतवाल डफडं वाजवत नहराच्या काठानं फिरायचा. मेसेज सुरू झाले, संस्थेनं डफडं बंद केलं. नहर माणसाच्या दुप्पट खोल, काठ सरळ उभे. बाया तिथंच उतरून मासोळ्या धरतात. आज डिंपलची माय पण उतरली होती.

कंस सगळे झाले. तं आता यादीतलं पहिलंच नाव अडलं. मराठी अक्षर नवा पायथन वाचून नव्हता राहिला.

"पोरी, जाऊ का मी?" पाणकर सुकरामकाका दारातून बोलले. तुडूम तेच उघडायचे.

"थांबा ना काका!"

"कायले थांबा? एका नावासाठी गाव उपाशी मारतेस का?" उमेंद्र भाऊ उठूनच उभा झाला. "सोड ते नाव. पुढे ढकल."

डिंपलचं डोकं सणकलं. तिनं लिहून टाकलं, ज्या नावावर एरर येईल ते सोड, पुढे जा. एंटर. यादी सर्रकन संपली. एक पण लाल ओळ नाही.

"झाला मेसेज?" काकांनी विचारलं.

"झाला."

काका सायकलवर टांग टाकून गेले. उमेंद्र भाऊ हसला. "पाहिलं? रागावलं का काम होते."

चहा आला. डिंपलनं अर्धा पिला अन् कप तसाच खाली ठेवला. यादी उघडली. वरून खालपर्यंत बोट फिरवलं. सगळीच नावं मराठीत.

तिनं मायले फोन लावला.

"माय, मेसेज आला का?"

"कोनचा मेसेज व?" मागे बाया खिदळून राहिल्या होत्या. "तू मासोळ्या भराले बोरी घेऊन ये ना. पाणी जरासं वाढलं, तं मासोळ्या आपोआप जाळ्यात येऊन राहिल्या."

"माय, वर चढ! आत्ताच्या आत्ता!"

"काय म्हणतेस? आयकू नाही येऊन राहिलं. पाण्याचा आवाज लय आहे इथं."