चाळीस सेकंद

ज्ञानदा छापील अहवाल घेऊन घरी आली, तेव्हा जुलियाना गेल्यानंतरचा चर्चमधला महिन्याचा मिस्सा होऊन चार दिवस झाले होते. अहवालात माझ्या बायकोचं नाव नव्हतं. 'वापरणारी क्रमांक ३, वय ५४, गाव गास, सुकेळी बनवते' असं होतं. त्याखाली एक ओळ होती : 'चौथ्या पानावर चाळीस सेकंद गोंधळली. बटण सापडलं नाही.'

"ही ओळ काढ," मी म्हणालो.

"का, काका?"

"ती गोंधळली नव्हती."

ज्ञानदा वसईच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. पोरगी वाईट नव्हती. म्हणाली, "आता अहवाल कंपनीकडे गेलाय. शनिवारी कॉलेजात कार्यक्रम आहे, कंपनीचे कौस्तुभ सर येतील. तुम्ही या, तिथेच सांगा."

अंधेरीची एक कंपनी या मुलांना सॉफ्टवेअर कसं तयार होतं ते शिकवत होती. गावातल्या बायांनी आपला माल कॉम्प्युटरवर टाकायचा आणि एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटवाल्यांनी घरून मागवायचा, असं काहीतरी मुलं बनवत होती. जानेवारीत ज्ञानदा आणि तिची मैत्रीण विनिता आमच्याकडे आल्या. कॉम्प्युटर आणलाच नव्हता. आधी सगळं कागदावर काढतात, म्हणे. जुलियानाने कागदावरच्या बटणावर बोट ठेवलं की ज्ञानदा ते पान उचलून दुसरं ठेवणार. विनिता घड्याळ लावून लिहिणार.

"एवढं शिकून कागद उचलतेस?" जुलियाना म्हणाली. "हे मलापण जमेल."

"मावशी, तुम्ही अडलात तर आम्ही काही सांगणार नाही हं. कुठे अडता तेच बघायचंय. काका, तुम्हीपण गप्प."

"हा गप्प बसणार? तीस वर्षांत बसला नाही!"

अंगणात सुकेळी वाळत घातली होती. तिच्या बोटांना केळ्याचा चिकटा होता, तो कागदाला लागत होता. पहिली तीन पानं तिने भराभर केली. वर ज्ञानदाला सुनावलं, "डझनाचा भाव कसला विचारतेस? सुकेळी वजनावर जातात."

चौथ्या पानावर तिचा हात वरच राहिला. बोट आणि कागद यांत चार बोटांचं अंतर. बटण अगदी समोर होतं, मला दिसत होतं. ती त्याच्याकडेच बघत होती. मी तोंड उघडलं, तशी ज्ञानदाने ओठावर बोट ठेवलं. विनिता घड्याळ बघत होती. मीही गप्प राहिलो. मला वाटलं, बघू तरी, सापडतं का हिला.

मग हात खाली आला आणि तिने बटण दाबलं. "हात जड झाला मेला," एवढंच म्हणाली. मुलींना सुकेळी बांधून दिली.

त्यानंतर अकराव्या दिवशी ती मोरीत पडली. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा झटका आहे, आधी कधी हात जड पडला होता का, बोलणं अडखळलं होतं का? तेव्हा लगेच आणलं असतं तर काही करता आलं असतं, म्हणाले.

शनिवारी हॉल भरला होता. कौस्तुभ तिशीचा असेल. पडद्यावर दोन बटणं होती, एक जुनं, एक नवं. नवं दुप्पट मोठं होतं.

"हा बदल आपल्याला वापरणारी क्रमांक तीननं शिकवला," तो सांगत होता. "समोरचा माणूस अडतो तेव्हा मदत करायचा मोह होतो. तो आवरायचा. या मुलींनी चाळीस सेकंद तोंडातून शब्द काढला नाही. याला म्हणतात चाचणी."

टाळ्या झाल्या. मग मला बोलावलं.

मी म्हणालो, "तिचं नाव जुलियाना. बटण बरोबर होतं. तिला ते दिसत होतं. तिचा हात चालत नव्हता. ती ओळ चुकीची आहे, ती काढा."

पुढचं मला बोलता आलं नाही. मागून एका मुलाने विचारलं, "मग सर, बटण परत लहान करायचं?"

कौस्तुभ म्हणाला, "नको. मोठं सगळ्यांनाच सोपं जातं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, आय अ‍ॅम सॉरी. तुम्ही सांगितलंत ते महत्त्वाचं आहे." पुढच्या रांगेतली मुलं वहीत लिहून घेत होती. काय लिहीत होती कोण जाणे.

बाहेर पायरीवर ज्ञानदा आली. रडत होती. तिने आपल्या प्रतीतलं 'गोंधळली' खोडलं आणि 'थांबली' लिहिलं. बटणाचं वाक्यही खोडलं. क्रमांकाच्या जागी जुलियानाचं नाव घातलं.

"आणखी काही लिहू, काका?"

"लिही," मी म्हणालो. "नवरा समोरच बसला होता."

तिने पेन टेकवलं, पण तिच्याच्याने लिहवेना. मी तिच्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं.