पारंपरिक नव्हे

"पुढचं कुठं गेलं?" ठकूबाईने विचारलं.

लॅपटॉपवरचं दृश्य नुकतंच संपलं होतं. भाताच्या खाचरात नायक-नायिका एकमेकांवर चिखल उडवत होती, मागे नव्याकोऱ्या लुगड्यांतल्या बाया रोपांची लावणी करत होत्या आणि त्यावर ठकूबाईचा आवाज होता. अक्षदाने मागच्या खेपेला याच पडवीत बसून रेकॉर्ड केलेला. पण दोनच ओळी, फिरून फिरून त्याच.

हिरवं माजं रोप गो, चिखलात उभं,
पान्यात उतारलं आभाल अवघं.

"पुढचं कापलं, काकी," अक्षदा म्हणाली.

अक्षदा उतेकर पोलादपूरची. मुंबईत ती सिनेमा-मालिकांच्या गाण्यांचं काम बघायची. तिच्या आईला ते काम कधी उमगलंच नाही. "गातेस?" "नाय." "वाजवतेस?" "नाय गो आये." "मंग पगार कशाचा देतात तुला?" कुठल्या प्रसंगाला कुठलं गाणं शोभेल ते शोधायचं, ज्याचं असेल त्याच्या दारात जाऊन विचारायचं आणि पडद्यावर त्याचं नाव नीट येतंय ना ते बघायचं, असं हे काम. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली केल्यावर या मालिकेत पहिल्यांदा तिचं स्वतःचं नाव लागणार होतं.

दिग्दर्शक सुशांत फोनवर म्हणाला होता, "सही घेऊन ये फक्त. दाखवत कसली बसतेस?" पण ज्याचं गाणं त्याला प्रसंग आधी दाखवायचा आणि मगच सही मागायची, ही तिची रीत होती. तिने हे गाणं सुचवलं होतं ते बाळंतपणात दगावलेल्या एका सुनेच्या प्रसंगासाठी. वाहिनीला तो प्रसंग जड वाटला, म्हणून तो उडाला. गाणं मात्र सुशांतला सोडवेना.

"त्या दोन ओळी मी मुद्दाम गोड केल्यात," ठकूबाई म्हणाली. "भैनीच्या सासूनं आदी खूश होऊन कान द्यावा म्हून. खरं गानं मागनं येतं."

आणि तिने ते तिथेच, भिंतीला टेकून, हलक्या आवाजात म्हटलं.

ओली बालंतीन गो, चिखलात उभी,
सासू इरल्याखाली बांधावर उभी.
शकू माजी भैन गो, भर दिसा पडली,
बांधावरच्या मानसांनी मान नाय वलवली.

शकू ठकूबाईची धाकटी बहीण, खालच्या वाडीत दिलेली. बाळंत होऊन आठवडाही झाला नव्हता, तर सासूने तिला लावणीला उतरवलं. ती खाचरात पडली, ती उठलीच नाही. तापाने गेली, असं सासरच्यांनी गावभर सांगितलं. पुढच्या पावसाळ्यात ठकूबाई त्याच खाचरात लावणीला गेली आणि सासू डोक्यावर पानांचं इरलं घेऊन बांधावर उभी असताना तिने हे गाणं पहिल्यांदा म्हटलं. बरोबरच्या बायांनी आधी माना खाली घातल्या. मग एकीने ओळ झेलली. मग सगळ्यांनीच.

"अगो, देऊन टाक सही," दाराशी बसलेला तिचा नवरा भागोजी म्हणाला. "टीव्हीवर येल तुजा आवाज. पोरं मुंबैला सांगतील चार लोकांना."

"आनी नाव काय लावनार?" तिने अक्षदाला विचारलं.

अक्षदाला खोटं बोलता आलं असतं. "पारंपरिक असं लावणार आहेत."

"म्हंजे?"

"म्हणजे जुनं, चालत आलेलं. कुणी केलं ते ठाऊक नाय असं."

"ठाव नाय कसं? मी केलंय." ठकूबाईने लॅपटॉपचं झाकण स्वतःच्या हाताने मिटलं. "लावायचं तर सगलं लावा. नायतर माज्या भैनीवर असला चिखल उडवू नका. सांग जा तुज्या सायबाला."



चित्रीकरण पाचाडला चालू होतं आणि मंडळी महाडला हायवेवरच्या हॉटेलात उतरली होती. अक्षदा तिथे पोचली तेव्हा सुशांत जेवत होता.

"नाही म्हणाली ती," अक्षदाने सांगितलं. "पूर्ण गाणं घ्या, नाहीतर हात लावू नका."

"लोकगीत आहे गं ते. दुसरी मुलगी आणू, स्टुडिओत गाऊन घेऊ. चाल काय तिच्या बापाची आहे?"

"बापाची नाही. तिची आहे."

सुशांतने ताट बाजूला सारलं. "हे बघ, पारंपरिक आहे एवढं तू लिहून दे. वाहिनीला तुझी सही लागते, बाकी कुणी विचारणार नाही."

"म्हणूनच देणार नाही. आणि दुसऱ्या कुणी दिली, तर या गाण्याला मालकीण आहे आणि तिने नकार दिलाय, असं मी वाहिनीला कळवीन. कधी केलं, कुठे केलं, सगळं तिच्या तोंडचं रेकॉर्ड आहे माझ्याकडे."

"धमकी देतेस?"

"काम करतेय माझं."

"परत कोण उभं करेल तुला, अक्षदा?"

"नाही केलं तर नाही केलं," ती म्हणाली आणि उठली. महाडच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसली असतानाच तिने वाहिनीला सगळं लिहून पाठवलं. मागाहून धीर होईल, याची तिला खात्री नव्हती.

कोर्टकचेरीला वाहिनी घाबरली आणि गाणं निघालं. चार दिवसांत मालिकेतून अक्षदाही निघाली. त्यानंतर दोन ठरलेली कामं आपोआप रद्द झाली. कारण कुणी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. पोलादपूरला येऊन राहिली, तेव्हा आईने पगाराचं नाव काढलं नाही.

दिवाळीनंतर एका रविवारी दुपारी खाचराच्या प्रसंगाचा तो भाग टीव्हीवर पुन्हा लागणार होता. अक्षदा वाडीवर गेली. ठकूबाईच्या घरात शेजारच्या बाया आधीच जमल्या होत्या, त्यातल्या तिघीचौघी त्या खाचरात गाणं झेललेल्या.

खाचर आलं. नायक आला, नायिका आली, चिखल उडाला. वर कीबोर्डावरची बासरी वाजत होती, कुठल्याही गावच्या कुठल्याही शेतावर चालेल अशी. ठकूबाईने रिमोट उचलून आवाज बंद केला.

पडद्यावरच्या बाया वाकून मुक्याने रोपं लावत राहिल्या आणि खोलीतल्या बाया त्यांच्याकडे बघत राहिल्या.

शेवटी पांढरी अक्षरं भराभर वर सरकू लागली. ठकूबाईला वाचता येत नव्हतं. "यात तुजं नाव कंचं गो?"

"नाय, काकी. काढलं माझं."

"माजं?"

"तुमचंबी नाय."

ठकूबाई सरकत्या अक्षरांकडे शेवटपर्यंत बघत राहिली.

"बरं झालं," ती म्हणाली आणि अक्षदाला बसायला आपल्या शेजारी जागा केली.