निळे दाणे आणि माझ्या लेंड्या

मी एक शेळी बोलतेय. नाव डचेस, वय सहा, मुक्काम जमैकातल्या सेंट एलिझाबेथ परगण्याची लाल माती. ‘शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड’ असं तुम्ही माणसं मजेत म्हणता. ती पाळी स्वतःवर आली की कसं वाटतं, ते मला विचारा.

माझा जन्म एझ्राच्या परसात, आंब्याखाली झाला. एझ्रा रास्ताफारी पंथाचा माणूस. जटा कमरेपर्यंत, मांस वर्ज्य, जेवणात मीठसुद्धा नाही. त्याच्याकडून माझ्या मानेला धोका नव्हता. पण परस त्याच्या एकट्याचं नाही. थोरली बहीण आयसिल्डा तिथंच राहते. ती दर आठवड्याला टोपी घालून चर्चला जाते आणि शेळीची करी मिटक्या मारत खाते.

त्यांच्या दारात पत्र्याच्या पाच डब्यांत गांज्याची पाच झाडं. कायद्यानं घरटी पाचच. तीन एझ्राची, त्याच्या प्रार्थनेसाठी. दोन आयसिल्डाची. ती ओढत नाही हां! पाला पांढऱ्या रममध्ये भिजवून दुखऱ्या गुडघ्यांना चोळते. आणि पाचही झाडांना खत माझं. एझ्रा माझ्या लेंड्या झाडून सावलीत कुजवायचा आणि मुठीमुठीनं डब्यांत घालायचा. दूध मला फारसं नाही, पण या एका गोष्टीत मी कधी हात आखडता घेतला नाही.

एके दिवशी आयसिल्डा बाजारातून रासायनिक खताच्या निळ्या दाण्यांची पिशवी घेऊन आली.

“एझ्रा, जग कुठं पोचलंय बघ. एक चमचा पाण्यात ढवळला की झालं! तुझी ही महाराणी माझे रताळ्याचे वेल फस्त करते, आणि देते काय?”

“ते मीठच आहे, ताई. मी मीठ खात नाही, माझी झाडंही खाणार नाहीत.”

“तुझी राहू देत उपाशी. माझी दोन खातील. आणि माझी सरस निघाली, तर डचेस लिनव्हलकडे. त्याच्या पोरीचं लग्न आहेच.”

लिनव्हल म्हणजे कुंपणापलीकडचा शेजारी. लग्नाकार्यात करी रांधणारा. तो माझ्याकडे बघायचा तेव्हा पातेलं केवढं लागेल याचाच अंदाज घेत असायचा. एझ्रा हसून ‘बरं’ म्हणाला. अरे भल्या माणसा, ही काय हसायची गोष्ट होती?

खोटं कशाला बोलू, निळ्या दाण्यांची झाडं सरसर वाढली. हिरवीगार, एझ्राच्या झाडांपेक्षा वीतभर उंच. आयसिल्डा खुशीत चर्चची गाणी म्हणायची. मग तिला हाव सुटली, एकाचे दोन चमचे झाले आणि पानांचे शेंडे करपले. तरी फुलं आली, भरपूर आली.

झाडं कापली, सुकवली, रमच्या दोन बाटल्या भरल्या. डाव्या गुडघ्याला माझ्या खताची बाटली, उजव्याला निळ्या दाण्यांची. आठवडाभर मी तिची चालच बघत होते. डावा, उजवा, डावा, उजवा.

“काय गं ताई, कोणता बरा?”

“दोन्ही सारखेच. रमचाच गुण दिसतोय.”

“म्हणजे बरोबरी झाली.”

“बरोबरी कसली? झाडलोट नाही, वास नाही, आणि गुण तेवढाच. माझंच सरस!”

तिचं म्हणणं मलाही खोडता येईना. एझ्रानं माझ्या कानामागं नुसतं खाजवलं. लिनव्हल नवी कोरी दोरी घेऊन आला आणि माझ्या गळ्यात घालू लागला. मी परस दणाणून सोडलं.

आयसिल्डा तेव्हा नवं बी लावायला डबे रिकामे करत होती. तिनं स्वतःचा डबा उलटा केला. माती विटेसारखी एकसंध पडली, वर मिठासारखा पांढरा थर. कोयत्यानं ठोकली तर ढेकळं उडाली. मग तिनं एझ्राचा डबा उलटा केला. माती भुसभुशीत, काळसर, गांडुळांनी वळवळणारी. चाळीस वर्षं पातीचा कांदा पिकवलेले तिचे हात. ती त्या दुखऱ्या गुडघ्यांवरच मातीत बसली आणि मूठभर उचलून तिनं हुंगली.

“लिनव्हल, काढ ती दोरी.”

“अगं, शब्द दिला होतास!”

“दिला होता. लग्नाला रताळ्याचं पुडिंग आणीन. आणि दोरी काढू नको, राहू दे. हिची जुनी कुजलीय.”

“ताई, मग जिंकलं कोण?” एझ्रानं विचारलं.

“दात काय काढतोस? टोपलं आण.”

आता मी लिनव्हलच्याच दोरीला, त्याच आंब्याखाली सुखात आहे. रताळ्याचे वेल आयसिल्डा स्वतः आणून घालते. तुम्हाला एकच विनवणी: आमच्या मानेला दोरी लावण्याआधी मूठभर माती हातात घेऊन बघा. बरं, येते. ती टोपलं घेऊन माझ्या मागं उभी आहे, “आटप गं बाई,” म्हणतेय. तिला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही.