सेंटरिंगची तारीख आणि माझ्यावर आलेला आळ

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि मी भयंकर चिडलेलो आहे. नारिन शहरातल्या एका बांधकाम कचेरीच्या अडगळीत, गंजक्या पत्र्यांशेजारी मला फेकून दिले आहे. का? तर म्हणे मी खोट्या तारखा दाखवतो!

माझी उमेदीची वर्षे बांधकामांची वेळापत्रके आखण्यात गेली. कोणत्या कामानंतर कोणते काम, हे नीट जोडून दिले की पुढच्या तारखा मी आपोआप सरकवतो. आमच्या नियोजन अभियंता बुरुलकान. त्यांना सगळे आदराने एजे, म्हणजे ताई, म्हणत. त्या कौतुकाने म्हणायच्या, "हा आहे म्हणून माझा चहा गरम असताना पिऊन होतो."

मग डोंगरातल्या एका गावातल्या शाळेचे काम आले. भूकंपात जुनी शाळा पडली होती. नवी शाळा एक सप्टेंबरला उघडायची, असे साहेबांनी, शेशेनबेकनी, वरच्या अधिकाऱ्यांना कबूल करून टाकले होते. त्यासाठी त्यांनी सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचे फळ्या-टेकू, काढण्याची तारीख स्वतःच्या हाताने माझ्यात ठोकून बसवली.

दरड कोसळली, घाट बंद झाला, सिमेंट अडकले. स्लॅब भरण्याची तारीख पुढे गेली. ठोकलेली तारीख मात्र हलेना. ओल्या स्लॅबखालचे टेकू काढायचे, असा त्याचा अर्थ होत होता! मी त्या ओळीवर लाल खूण दाखवली. साहेबांनी ती खूणच बंद केली.

एजेंच्या ते लक्षात आले. त्यांनी हाताने घातलेली तारीख काढली आणि ते काम स्लॅब पक्का होण्याला जोडले. सगळ्या तारखा सरकल्या. शाळा ऑक्टोबरात गेली.

साहेब कडाडले, "उद्घाटनाच्या पाहुण्यांना काय सांगू? तुझं मशीन परवानगी देत नाही म्हणून?"

"ओलं काँक्रीट परवानगी देत नाही, साहेब. आत पोरं बसणार आहेत."

"मला शिकवू नकोस!"

एजे रजा घेऊन आपल्या गावी गेल्याचे पाहून साहेबांनी जुनी तारीख पुन्हा ठोकली, कागद छापला आणि मुकादम तोक्तोसूनच्या हातात दिला. "एजेंनी पाहिलंय ना?" त्याने विचारले. "सगळं ठरलंय," साहेब म्हणाले.

टेकू निघू लागले तसा स्लॅब करकरला. तोक्तोसून ओरडला, "बाहेर पळा, सोडा ते!" माणसे वाचली. शेवटच्या गड्याला ओढताना तोक्तोसूनचा हात मात्र कोसळत्या स्लॅबखाली सापडला.

चौकशीत साहेबांनी माझ्याकडे बोट केले. "जुनं खटारं आहे. तारखा आपोआप बदलतं."

एजे ताडकन उठल्या. "ती तारीख मी काढून टाकली होती, तुम्ही ती परत घातलीत. त्या बिचाऱ्या मशीनच्या नावानं काय खपवताय?"

साहेबांची बदली झाली, इतकेच. मला धोकादायक ठरवून इथे टाकले. एजेंनी दुसऱ्या संगणकावर सगळी कामे पुन्हा जोडली. शाळा बर्फ पडायच्या आत उघडली, आणि उशीर झाला म्हणून कुणाचे काही बिघडले नाही.

मित्रांनो, यंत्रात चुकीची तारीख दिसली, तर ती कुणी घातली आणि का, ते आधी विचारा. इशारा आवडला नाही म्हणून त्याचे तोंड दाबू नका. तोक्तोसूनची बोटे आता मिटत नाहीत. त्याच्या कोटाची बटणे त्याची बायको लावते.