नवी घागर

पीं. थोडं थांबून पुन्हा, पीं पीं.

अंधारात बुटाची नाडी आवळता आवळता दिपमालाचे हात थांबले. अख्खं घर निजलेलं होतं आणि ढमी दारात उभी होती. पाऊल टाकलं की शिट्टी वाजणाऱ्या सँडल तिने पायांत चढवल्या होत्या, त्याही उलट्या. रोज ती त्या उशाशी घेऊनच झोपायची. ढमीच्या बापाने, भूपेंद्रने, जळगावहून आणल्या होत्या. पोरगी कुठे पळाली ते आवाजावरून कळेल, म्हणाला होता.

"मम्मी, मी बी पळाया येते."

"झोप ना गं, बेटा. मी आत्ता येते."

"मी बी आत्ता येते," ढमी म्हणाली आणि येऊन सरळ पाठीवर चढली.

मधल्या खोलीत बांगड्या वाजल्या. अक्षय्यतृतीयेच्या तयारीसाठी सासूबाई, भिकुबाई, जाग्याच होत्या. "आज तरी र्‍हाऊ दे व माय. आखाजी शे. त्यानी पहिली घागर शे."

"पूजेच्या आधी येते आई. थोडंसंच पळते. उद्या भरतीचं ग्राउंड आहे ना."

"माहीत शे माले. संध्याकायले धुळे जाशी. लोके काय म्हनतीन? घागर भराई नही, तं बाई चालनी दौडाले."

  दिपमालाने ढमीच्या सँडल सरळ केल्या, तिला कडेवर घेतलं आणि कडी काढली.

पोलीस भरतीचं वेड मूळचं भूपेंद्रचं. दोनदा तो धुळ्याच्या मैदानावर पळून आला, दोन्ही वेळा थोडक्यात राहिला, आणि मग वय निघून गेलं. भडगावात स्पेअर पार्टच्या दुकानात तो कामाला लागला. ढमी झाल्यावर दिपमालाला धड जिना चढवत नव्हता. आल्यागेल्या बाया डिंकाचे लाडू भरवत आणि वर पोटाकडे बघून हसत. तेव्हा हा एके दिवशी म्हणाला, "माझं वय गेलं, तुझं तर आहे." दुसऱ्या दिवसापासून पहाटे गिरणेकाठच्या मैदानावर हा लिंबाखाली ढमीला खांद्यावर घेऊन उभा, आणि ही गोल गोल धापा टाकतेय. "खांदे सैल सोड, मुठी आवळू नको," असं तो तिथून ओरडायचा. शेवटच्या वळणावर बरगडीखाली हमखास कळ यायची. तिथे ती खाली बसायची आणि तो तिला बसू द्यायचा नाही.

महाशिवरात्रीच्या आधी एका संध्याकाळी त्याची मोटारसायकल टेम्पोत घालून घरी आली. तो आला दुसऱ्या दिवशी, दवाखान्याच्या गाडीतून.

मग माणसं आली, बसली, चहा घेऊन गेली. "रडू द्या तिला, मोकळी होऊ द्या," असं बाया एकमेकींना सांगत राहिल्या. दिपमाला भिंतीला टेकून वाट बघत राहिली. काही आलं नाही. पुढे कधी वरणात दोनदा मीठ पडे, कधी पडतच नसे, आणि जेवताना तिला दोन्हीतला फरक कळत नसे. पायांना मात्र सवय होती. एका पहाटे ते उठून मैदानावर गेले आणि तीही त्यांच्यामागे गेली. बरगडीखालची कळ त्या दिवसापासून आलीच नाही. ती पूर्वीपेक्षा जोरात पळू लागली होती. दुखायचंच बंद झालं होतं.

मैदानावर पोचताच ढमी कडेवरून घसरली आणि पीं पीं करत सुटली. शेळ्यांच्या मागे गेली, तिथून लांब उडीच्या खड्ड्यात, खड्ड्यातून पुन्हा शेळ्यांकडे. तिला धरण्यातच दिपमालाचं अर्धं पळणं झालं. रोज काठी टेकत फिरायला येणारे तोताराम नाना मजा बघत थांबले.

"पोरलेच धाड धुळाले," ते म्हणाले. "तुना पहिले पोहोचीन ती."

"तिलाच पाठवते नाना." दिपमाला हसली. म्हणजे तोंड हसलं.

ती पळायला लागली. उन्हं नदीपलीकडून वर आली होती. शेवटच्या वळणाला तिला लिंबाखाली ढमी दिसली, कमरेवर हात ठेवून, पाय फाकवून उभी. बापासारखी.

"खांदे छैल, मम्मी. खांदे छैल."

दिपमालाने खांदे सैल सोडले आणि धाव पूर्ण केली. त्यानंतरही आत काही हललं नाही. एखाद्या बंद घराचं दार वाजवून कोणी निघून जावं, तेवढंच.

परत यायला मात्र उशीर झाला. खेळून ढमीचं मन भरत नव्हतं. शेवटी तिला खांद्यावर टाकून दिपमाला घराकडे पळत निघाली. वैशाखाचं ऊन सकाळीच भाजत होतं. वाटेत शेजारणीच्या अंगणात माहेरी आलेल्या पोरी लिंबाला झोका बांधत होत्या. हिला बघून त्यांनी आखाजीचं गाणं मध्येच सोडलं. घराच्या पायरीवर तिने ढमीला उतरवलं. एका सँडलमध्ये रेती गेली होती; आता एकच वाजत होती.

आणि तेव्हा तिला तहान लागली. किती दिवसांत अशी लागली नव्हती. घसा आतून सोलल्यासारखा झाला, जीभ टाळूला चिकटली.

बाहेरच्या उन्हातून ती आत आली तर डोळ्यांपुढे काळोख होता. परसात चुलीवर मांडे भाजायचं खापर तापल्याचा, पुरणाचा वास येत होता. भिकुबाई तिकडेच असणार. सासरे झुलालआबा पूजेला डांगर, म्हणजे खरबूज, आणायला बाजारात गेले होते. दिपमालाचा हात सवयीने दाराजवळच्या माठाकडे गेला. तिने वरची ताटली सरकवली, पेला बुडवला आणि प्यायली.

दुसऱ्या घोटाला कोऱ्या मातीचा वास आला.

माठ तिथे नव्हताच. तो सकाळीच परसात नेला होता. त्याच्या जागी गव्हाच्या राशीवर नवी लाल घागर होती, गेलेल्या भूपेंद्रला पाणी पोचावं म्हणून भरलेली. अजून कुंकू लागायचं होतं, वर डांगर ठेवायचं होतं.

तिला कळलं. कळूनही तिने पेला खाली ठेवला नाही. पूर्ण प्यायली, पुन्हा बुडवला. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं आणि बरगडीखाली, त्या जुन्याच जागी, कळ आली. तिथेच हात दाबून ती खाली बसली.

भिकुबाई कुंकवाची वाटी घेऊन परसातून आल्या. त्यांनी घागर बघितली, मग सुनेच्या हातातला पेला. हातातली वाटी त्यांनी उंबऱ्याशी ठेवली.

"आई, मला... माठच वाटला."

"पे," भिकुबाई म्हणाल्या. "पेस तं पुरं पे. आनि बस. उनमाथून उनी तू."

त्यांनी तांब्याभर पाणी आणून घागर पुन्हा काठोकाठ भरली. पदराने घागरीचा काठ पुसला. पाठ वळवूनच विचारलं, "गाडी कव्हय शे तुनी?"

"पाचची."

"मांडा बांधी देस. उपाशीपोटी दौडू नको तठे."

आबा डांगर घेऊन आले. ते घागरीवर ठेवून, टोपी काढून भिंतीशी उभे राहिले. भिकुबाई उंबऱ्यापाशी बसल्या. पितरांचं एकेक नाव घ्यायचं आणि उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढायचं. चुडामणबाबा. बोट ओढलं. मथुराआजी. बोट ओढलं. आणखी दोन. मग बोट कुंकवात बुडून वर आलं आणि उंबऱ्याच्या वर तसंच राहिलं. भिकुबाईंचे ओठ हलले, पण नाव आलं नाही. आबांनी तोंड फिरवलं.

दिपमाला त्याला सगळ्यांसमोर कधी नावाने हाक मारत नसे. आधी 'अहो' होतं, मग 'ढमीचे पप्पा'.

"भूपेंद्र," ती म्हणाली.

भिकुबाईंनी बोट टेकवलं आणि ओढलं. रेघ थोडी वाकडी गेली.

पीं करत ढमी घागरीपाशी आली. तिने डांगराला हात लावून बघितला, मग वाकून घागरीच्या ओल्या पोटाला गाल लावला.

"मम्मी, पप्पांचं पाणी तू पिऊन घेतलं ना," ती म्हणाली. "आता पप्पांना तहान लागली तर?"