चार दाते

वॉटरटाउनच्या सिग्नलला ग्लेंडाला पुन्हा तोच धक्का जाणवला. दिवा हिरवा झाला, लायलने पाय दाबला, ट्रक नुसताच गुरगुरला, आणि मागचा तीस फुटी ट्रेलर रुसलेल्या गाढवासारखा जागच्या जागी उभा. मग कुठे हळूहळू सुटला. सकाळपासूनची ही चौथी खेप. थांबलं की ब्रेक धरून बसायचे, सोडायचं नाव नाही.

"वायर," लायल म्हणाला. "कुठेतरी वायर घासली असणार."

ग्लेंडाने मान डोलावली. वायरच असू दे रे देवा, असं ती मनातल्या मनात म्हणत होती. सकाळपासून तिचा तोच एक धावा चालला होता.

आयोवातलं घर विकून या ट्रेलरमध्ये राहायला लागल्याला त्यांना सहा वर्षं झाली होती. उन्हाळ्यात कुठल्यातरी कॅम्पवर देखरेख, आणि एक ऑक्टोबरपासून नॉर्थ डकोटात बिटांची काढणी. रोज बारा तास थंडीत उभं राहून ट्रक मोजायचे. दोघंही सत्तरीला टेकलेली. या वर्षी ग्लेंडाला नुसत्या विचारानेच थकायला झालं होतं. पण नावनोंदणीला उद्या सकाळी आठलाच हजर व्हायचं होतं, आणि जो वेळेवर येत नाही त्याची जागा दुसऱ्याला जाते.

तरी तिला धास्ती होती ती त्या नोकरीची नव्हे. वसंत ऋतूपासून लायल विसरायला लागला होता. आधी नावं, मग रस्ते. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, बाबांना गाडी चालवू देऊ नकोस." ग्लेंडा तिच्यावर खेकसली होती. लायलने छत्तीस वर्षं फोर्ट डॉजच्या दुकानात ट्रेलर दुरुस्त केले. बाकी काहीही विसरेल, पण ब्रेक विसरणार नाही, असं ती ठणकावून म्हणाली होती. ते खरं नसेल तर काय, हे तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

लायलने पेट्रोलपंपामागच्या मोकळ्या जागेत ट्रेलर घेतला. चाकांपाशी जळका वास येत होता. हत्यारांची पेटी उघडली की सल्ला द्यायला माणूस उगवतोच. इथेही पँटला खांद्यावरचे पट्टे लावलेला एक म्हातारा काखेत कुत्रं घेऊन हजर झाला. नाव आर्विड.

"ब्रेक का? माझं अगदी अस्संच झालं होतं," तो आनंदाने म्हणाला. "वायरच. शंभर टक्के."

"बघ, हेपण तेच म्हणतायत," लायल म्हणाला.

"ट्रेलरचा प्लग काढा म्हणजे कळेलच," आर्विड म्हणाला. "ट्रकची वीज तोडली आणि चाक मोकळं झालं, तर दोष वायरीत. नाहीच झालं, तर दोष आत."

"मला शिकवतोस होय रे?" लायल हसला. "तू कुत्रं पाळायच्या आधीपासून मी हे करतोय."

त्याने प्लग उपटला. ट्रेलर सुटून पळाला तर आपोआप ब्रेक लावणारी छोटी बॅटरी असते, तिचीही वायर काढली. आता ट्रेलरला कुठूनच वीज नव्हती. डावं चाक जॅकवर उचललं, दोन्ही हातांनी टायर धरला, जोर लावला.

चाक हललं नाही.

आर्विडने कुत्र्याचे कान कुरवाळले. "आतच आहे मग काहीतरी," असं पुटपुटून तो निघून गेला. एरवी अशी माणसं तासभर हलत नाहीत.

"आतले दाते फिरवायची वाकडी पट्टी आणतो," लायल म्हणाला आणि ट्रकच्या मागे गेला.

ग्लेंडा थांबली. पाच मिनिटं झाली, सात झाली. शेवटी वैतागून तिने खोक्याचा पुठ्ठा अंथरला आणि टॉर्च घेऊन स्वतःच खाली सरकली. गुडघ्यांनी बोंब ठोकली, पाठीने साथ दिली.

चाकाच्या वर, ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्यावर, पांढऱ्या पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या होत्या. ही लायलची दुकानापासूनची शिस्त. दर तीन हजार मैलांनी आतलं दातेरी चाक चार दाते फिरवायचं, म्हणजे झिजलेले ब्रेक-लायनर चाकाच्या ड्रमच्या जवळ येतात आणि ब्रेक आवळला जातो. आणि फिरवलं की लगेच तारीख टाकायची, कारण डोक्यावर विसंबून राहणारा मेकॅनिक माणसं मारतो, असं तो शिकाऊ पोरांना सांगायचा.

जून ४. सप्टेंबर १८. सप्टेंबर २२. सप्टेंबर २५.

आज सत्तावीस होती. तिने टॉर्च दुसऱ्या चाकाकडे वळवला. त्याच तारखा, त्याच अक्षरात, एकाखाली एक. सकाळी ती कॉफी करायची तेव्हा तो "जरा खाली बघून येतो" म्हणायचा. आठ दिवसांत तीनदा त्याने ब्रेक आवळले होते, इतके की ते सुटतच नव्हते, आणि तारीख टाकताना वरची तारीख वाचली नव्हती. ग्लेंडा तिथेच पडून रडली, आवाज न करता, कानात पाणी जाईपर्यंत.

पावलं वाजली. लायल वाकला. त्याच्या हातात थर्मास होता.

"घे, कॉफी. गार होईल. तिथे खाली काय करतेयस?"

"ये इकडे," ती म्हणाली. "वाच हे."

तो कण्हत खाली आला, तिच्या शेजारी आडवा झाला. टॉर्चच्या उजेडात त्याचे ओठ हलले. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

"अक्षर माझंच आहे," तो म्हणाला.

"हो."

"मला आठवत नाही गं."

तिने त्याचा तेलकट हात घट्ट धरून ठेवला.

मग तोच म्हणाला, "पट्टी घे. दोनदा जास्तीचं आवळलंय. आठ दाते उलटे. चारही चाकांना."

पट्टी पेटीत वरच होती. तिने फटीतून ती घातली आणि एकेक दाता मागे घेतला. तो टायरवर हात ठेवून नुसतं ऐकत होता. "अजून एक. अजून. बस!" चाक हलकंसं घासत फिरलं, जसं फिरायला हवं तसं. या कामात तो अजूनही बिनचूक होता, आणि त्याचंच तिला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. शेवटी त्याच्या खिशातली पेन्सिल मागून घेऊन तिने चारी ठिकाणी तारीख टाकली, खाली स्वतःचं नाव लिहिलं, आणि पेन्सिल परत दिली.

किल्ली मात्र मागितली नाही. तो सवयीने स्टिअरिंगमागे बसला आणि ती शेजारच्या सीटवर. तिने ट्रेलर आयुष्यात दोनदा चालवला होता, तोही रिकाम्या मैदानात. पुढचे दीडशे मैल लायलपेक्षा तीच रस्त्याकडे जास्त बघत होती.

फार्गोला दोघं डिझेल भरायला थांबली. ब्रेक लागले आणि लगेच सुटले. ती टाकीपाशी उभी होती. लायल खाली उतरला, हात झटकले आणि थेट हत्यारांच्या पेटीकडे गेला.

"बरेच दिवस झाले," तो म्हणाला. "ब्रेक आवळायला हवेत जरा. चार दाते."

ग्लेंडाने डोळे मिटले. भांडायचं त्राण नव्हतं, समजवायचंही नव्हतं. तिने टॉर्च त्याच्या हातात दिला आणि चाकाकडे बोट दाखवलं.

तो वाकला. टॉर्च अक्षरांजवळ नेला.

"सप्टेंबर सत्तावीस," तो म्हणाला. "ग्लेंडा."

"आजच केलेत."

"आज," तो म्हणाला. "आणि दीडशे मैल मी चालवत आलो?"

"हो."

तो कंबरेवर हात देऊन उभा राहिला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. त्याने शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली, पँटच्या खिशातून किल्ली काढली, आणि दोन्ही तिच्या तळहातावर ठेवल्या.

"वळताना मोठा फेरा घे," तो म्हणाला, "मागची चाकं आत कापतात." मग ट्रकला वळसा घालून तो पलीकडच्या, तिच्या नेहमीच्या सीटवर जाऊन बसला.

ती वर चढली. तिचे पाय ब्रेकपर्यंत पोचत नव्हते. तिने खाली हात घालून सीट पुढे ओढून घेतली.